घोंगडी आणि कसर

कसर हा शब्द आमच्याकडं दोन अर्थांनी चालायचा. कामात राहिलेली उणीव ती कसर, आणि लोकरीला लागते तीही कसरच. म्हातारी माणसं दोन्हींना सारखीच भ्यायची.

माणदेशात पाऊस कमी, म्हणून मेंढरं जास्त. धनगरांनी लोकर कातरायची, सनगरांनी ती मागावर विणायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. अशी घोंगडी अंथरायला, पांघरायला, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला. नीट जपली तर बापाची लेकाला पुरायची.

ती जपायची कुणापासून, तर एका इवल्या पतंगापासून. पिवळसर रंगाचा हा पतंग स्वतः लोकर खात नाही. तो घडीत अंडी घालतो आणि खाते ती अळी. लोकर, केस, पिसं हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. ते पचवणारे जीव थोडे, त्यांतली ही एक. म्हणून घोंगडीला लागणारी कसर वासुदेवाच्या टोपीतल्या मोरपिसांनाही लागू शकते. घामाचा, तेलाचा डाग असेल तिथं ती आधी तोंड घालते. तिला अंधार हवा आणि निवांतपणा हवा.

आजीला केराटिन ठाऊक नव्हतं, पण कसरीचा स्वभाव पाठ होता. वैशाखात घोंगड्या अंगणात पडायच्या, दोन्ही अंगांनी तापायच्या, मग काठीनं झोडपायच्या. घडीत कडुलिंबाचा वाळला पाला आणि वेखंडाचे तुकडे. “आरं, वापरत्या घोंगडीला कसर लागत न्हाई, ठिवलेलीला लागती,” असं ती म्हणायची. पाल्याच्या वासानं पतंग बिचकत असेल, पण आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. खरं काम उन्हाचं आणि काठीचं.

मग डीडीटी आलं. त्याची कीटकनाशक ताकद पाउल म्युलर यांनी 1939 साली ओळखली, 1948 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडं 1953 पासून हिवतापाच्या मोहिमेत घरोघरी फवारणी सुरू झाली. आमच्या आळीत लोक तीच पावडर घोंगडीच्या घडीतही भुरभुरवू लागले आणि तीच घोंगडी रात्री अंगावर घेऊ लागले. 1989 साली सरकारनं शेतीत डीडीटी वापरायला बंदी घातली.

त्यानंतर राज्य आलं डांबरगोळ्यांचं. त्यांची वाफ बंद पेटीत कोंडली तरच कसर मरते. उघड्या फडताळात गोळी ठेवून फार उपयोग नाही. आणि त्या पेटीतल्या कपड्यात तान्हं बाळ तसंच गुंडाळू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते. त्यांच्या रक्तपेशी या वाफेनं फुटतात, जोराची कावीळ होते. आमच्याकडं तर बाळाला पहिली ऊब घोंगडीचीच.

आता गिरणीची ब्लँकेटं आली. ॲक्रिलिकला कसर लागत नाही. दख्खनी लोकरीला कातरणावळ सुटेल एवढाही भाव कित्येकदा येत नाही. धनगर ती टाकून देतात. उरलेल्या घोंगड्या आठवण म्हणून ट्रंकेत गेल्या, म्हणजे कसरीला हव्या तशा जागी.

ज्यांच्या घरी अशी एखादी असेल त्यांनी ती बाहेर काढावी. ऊन दाखवावं, झोडपावी, अन् थंडीत पांघरावी.