ओंगण

आमच्या खामगावकडे वंगणाला ओंगण म्हणतात. १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तरी स्टेशनापर्यंत कापूस बैलगाडीनेच यायचा. तुंबा आखावर कोरडा फिरला, की गाडी करकरते, बैल दमतात. म्हणून एरंडेलात जळक्या चिंध्यांचा काळा चुरा कालवून आखाला लावत.

मुले वर्गात विचारीत, "सर, हेच का ग्राफाइट?" नव्हे! ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते कोरडेही चालते. चुऱ्याचे काम वेगळे. नुसते तेल ओघळून जाते; चुरा त्याला धरून ठेवतो. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी ग्रीसचा डबा पाहावा. त्यातही तेल, आणि ते धरून ठेवायला साबण. १९४० च्या दशकात आलेल्या लिथियम ग्रीसचा साबण तर बहुधा एरंडेलापासूनच करतात.