नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर दहा टेबलं

1973 चा उन्हाळा आहे. ह्यूस्टनची दमट हवा सदऱ्याला पाठीशी चिकटवून टाकते आणि तुम्ही सेकंड वॉर्डात, नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर उभे आहात. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. समोर टॉर्टियाचा एक कारखाना, आणि त्याच्याच पुढच्या भागात नुकतंच उघडलेलं लहानसं हॉटेल. दार ढकला. आत मोजून दहा टेबलं आहेत.

आधी धूर भेटतो. निखाऱ्यांवर चरबी ठिबकते, चुरचुरते, आणि तो खमंग धूर भाजल्या पिठाच्या वासात मिसळून तुमच्यापर्यंत येतो. पन्नाशीला टेकलेल्या ज्या बाई इथे सगळीकडे लक्ष ठेवून आहेत, त्या निन्फा लॉरेन्झो. जन्म मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातला. इटालियन वंशाचे पती टॉमी यांच्यासोबत त्यांनी 1949 मध्ये हा कारखाना काढला. टॉर्टिया आणि पिझ्झाचं पीठ तिथे तयार होई. 1969 मध्ये टॉमी गेले. पाच मुलं आणि डळमळता धंदा सांभाळायला निन्फाबाई उरल्या. कारखाना तगावा म्हणून हे हॉटेल.

तुम्ही मेनूत फहिता शोधू लागाल. इथे अजून ते नाव नाही. टाकोस अल कार्बोन मागा. मांस तेच आहे: गाईच्या छाती-पोटामधल्या पडद्याची लांब, चिवट पट्टी. सीमेवरच्या गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून मुंडी, आतडी आणि ही पट्टी मिळायची, कारण मालकाला ती नको असायची. त्या माणसांनी ती निखाऱ्यावर भाजली, धाग्याला आडवी कापली, टॉर्टियात गुंडाळली. आडवं कापण्यातच सगळं कसब आहे. उभे धागे दाताला हार जात नाहीत, आडवे कापले की मांस तोंडात सुटतं. गव्हाची टॉर्टिया आपल्या पोळीपेक्षा थोडी जाड आणि मऊ, चरबीचं मोहन घातलेली. हिरव्या सॉसमध्ये अवोकाडो, आंबूस टोमॅटियो, कोथिंबीर, मिरची आणि आंबट साय. पहिल्या घासाला धूर, मग आंबट, मग तिखट, आणि शेवटी अवोकाडोचा गारवा. सावकाश खा.

गोमांस चालत नसेल तर नुसतं तेवढं टाळून भागत नाही. वाटलेल्या बीन्समध्ये बहुधा डुकराची चरबी असते, म्हणून विचारूनच मागवा. मक्याची टॉर्टिया निर्धास्त खा: मका, चुना, पाणी, बस्स. मका चुन्याच्या पाण्यात शिजवला की साल सुटते, कणीक जुळून येते आणि त्यातलं नायसिन अंगी लागतं. पोर्तुगीजांच्या काळात मका आणि मिरची दोन्ही समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागली. ही चुन्याची रीत मात्र मागेच राहिली, याची मला फार हळहळ वाटते.

याच शहरात फेलिक्स तिहेरिना यांची जुनी हॉटेलंही आहेत. तिथे टॉर्टिया गुंडाळून केलेल्या एन्चिलाडांवर जिरं आणि लाल मिरचीची दाट ग्रेव्ही ओततात, वर पिवळं चीज वितळतं, बाजूला भात आणि बीन्स. याच तिहेरिनांनी 1957 मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व वर्ग सुरू केले. पहिलीत मूल मागे पडू नये म्हणून तिथे इंग्रजीचे 400 शब्द शिकवत. हॉटेलच्या कमाईतला पैसा त्यांनी त्यात घातला.

आणि या साऱ्या जेवणाला ‘खरं मेक्सिकन नव्हे’ म्हणून हिणवणारे तुम्हाला पुढेही भेटतील. गेल्याच वर्षी, 1972 मध्ये, डायना केनेडी यांचं मेक्सिकन पाककलेवरचं पुस्तक आलं आहे. मेक्सिकोच्या प्रांताप्रांतांतले पदार्थ त्यांनी जीव ओतून नोंदवले; ते काम मोठंच आहे. पण त्या मापाने टेक्सासचं ताट मोजणं अन्यायाचं आहे. 1848 पर्यंत सीमा सरकत आली आणि कित्येक घरं जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. त्यांनी हाताशी होतं त्यातून रांधलं: गहू, गोमांस, जिरं, कारखान्यातलं चीज. टेक्स-मेक्स ही कशाचीही बिघडलेली नक्कल नाही, टेक्सासच्या मेक्सिकन घरांचा तो स्वतःचा स्वयंपाक आहे.

निन्फाबाई 2001 मध्ये गेल्या, पण नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवरचं ते हॉटेल आजही चालू आहे. ह्यूस्टनमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि भारतातून पाहुणे आले की त्यांना अंतराळ केंद्र दाखवायला नेतात. त्या दिवशीचं जेवण घरून बांधून नेऊ नका. पाहुण्यांना इथे घेऊन या.