तलवार, सुटे भाग आणि निर्यातीचा परवाना

शस्त्र कायदा म्हटलं की नागपूरकरांना जनरल मंचरशा आवारी आठवायला हवेत. १९२७ साली त्यांनी इथे उघडपणे तलवारी मिरवत सत्याग्रह केला, तो लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याविरुद्ध. (गांधीजींना तो सत्याग्रह पसंत नव्हता, पण तो वेगळा विषय.) आपल्या लक्षात राहिली ती तलवार. त्या कायद्यातली व्याख्या मात्र आपण सहसा वाचत नाही. तिच्यात भाले, तोफा यांच्याच पंगतीला 'शस्त्रांचे भाग' आणि शस्त्रं घडवणारी यंत्रंही बसवली आहेत. हा माल देशाबाहेर न्यायचा तर परवाना हवा. म्हणजे बंदूक सुटी करून पेटीत भरली, तरी कायद्याच्या लेखी ती शस्त्रच.

१९५९ च्या कायद्याने घरगुती वापराची लाठी-काठी सोडली. सुटे भाग सोडले नाहीत. पण तेव्हा छोट्या कारखानदाराला याची झळ कशाला लागेल? साठच्या दशकात भंडारा आणि अंबाझरीचे आयुध कारखाने आले. लेथवाल्याने त्यांना माल पोचवला की त्याचं काम संपलं. संरक्षण उत्पादन खाजगी क्षेत्राला खुलं झालं ते २००१ मध्ये, आणि मग परदेशी गिऱ्हाईक थेट हिंगण्याच्या, बुटीबोरीच्या शेडपर्यंत पोचू शकलं.

इथे खरा पेच सुरू होतो. आपल्या निर्यातीच्या नियंत्रित वस्तूंची यादी म्हणजे 'स्कोमेट'. तिच्या सहाव्या वर्गात २०१७ साली लष्करी साहित्याची सविस्तर यादी आली. त्याच डिसेंबरात भारत वासेनार व्यवस्थेत सामील झाला. या यादीत वारंवार विचारलं जातं, की वस्तू 'लष्करी वापरासाठी खास रचलेली किंवा बदललेली' आहे का? आता बघा, बाजारात मिळणारा साधा बोल्ट या यादीत येत नाही. पण त्याच लेथवर, त्याच पोलादाचा, तोफगाड्याच्या ड्रॉइंगबरहुकूम काढलेला बुश येऊ शकतो. फरक धातूत नाही, ड्रॉइंगमध्ये आहे. आणि गिऱ्हाईक पुष्कळदा अर्धंच ड्रॉइंग देतं! भाग कुठे बसणार हे विचारायचं काम कारखानदाराचंच.

या वर्गाची परवानगी दिल्लीचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचं प्रमाणपत्र खरेदीदाराकडून आणावं लागतं. आणि हे नियंत्रण फक्त पेटीतल्या मालापुरतं नाही. अशा भागाचं उत्पादन-ड्रॉइंग परदेशात ई-मेलने पाठवणं, हीसुद्धा निर्यातच.