काळ्या कापडावरचा हजारा

काशीच्या पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे. त्याला हजारा म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला तो पेटतो. त्या रात्रीचे रंगीत छायाचित्र टी-शर्टवर छापायचे, तर पहिला प्रश्न शर्टाच्या रंगाचा असतो. पांढऱ्या शर्टावर उजेड फुकट मिळतो, पण सारी रात्र शाईने भरावी लागते. काळ्यावर रात्र आयती असते. तिथे एकेक ज्योत छापावी लागते.

छापखान्याला मुळात मधल्या छटा येत नाहीत. शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होता. त्याने काढलेली इथल्या घाटांची चित्रे शिळाछापावर छापली गेली. त्यात खरबरीत दगडाचा दाणाच छटा तयार करी. (पंचगंगेवरच्या औरंगजेबाच्या मशिदीचे उंच मिनार आता नाहीत, ते अशा जुन्या चित्रांतच पाहायचे.) छायाचित्राला असा दाणा नव्हता. तेव्हा १८५२ मध्ये टॅल्बॉटने छटा फोडण्यासाठी चक्क जाळीदार कापड वापरले. पुढे १८६१ मध्ये मॅक्सवेलने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन छायाचित्रे पडद्यावर एकमेकांवर टाकून रंग दाखवले. विषय होता चौकड्यांची एक फीत. छायाचित्र कापडावर पोचले फार उशिरा, पण कापड त्याच्या सोबत आधीपासूनच होते.

आपल्याकडे हा प्रवास दादासाहेब फाळक्यांच्या हातून गेला. रविवर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. गालावर गुलाबी किती, सावलीत निळा किती, हे कारागीर मूळ चित्राकडे बघून नजरेने ठरवी. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी त्याच छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम केले आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनी गाठली. तिरंगी ठशांत रंग वेगळे करण्याचे काम कॅमेरा नि गाळण्या करू लागल्या. कामाला वेग आला, पण शिळेवरच्या त्या नजरेची मजुरी गेली. फाळके सिनेमाकडे वळले आणि १९२० च्या सुमारास तोही सोडून काही काळ याच काशीत राहिले; 'रंगभूमी' नाटक त्यांनी इथे लिहिले.

कापडाचे तंत्र वेगळ्या वाटेने आले. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने रेशमी जाळीतून छपाईचे पेटंट घेतले. रेशमाच्या जागी आज पॉलिएस्टर आहे. जाळीवर प्रकाशाने कडक होणारा लेप चढवतात, त्यावर ठिपक्यांची फिल्म ठेवून उजेड देतात. ठिपक्यांखालचा लेप पाण्याने धुऊन जातो आणि तिथून शाई उतरते. पांढऱ्या शर्टाला निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार जाळ्या पुरतात. शाया पारदर्शक असतात, खालचा पांढरा त्यांतून चमकतो. इंचाला ४५ ते ५५ ओळींचे ठिपके, म्हणजे मासिकातल्या चित्रापेक्षा बरेच ढोबळ. प्रत्येक जाळीचा कोन वेगळा ठेवला नाही, तर चित्रावर लहरी उठतात. हे सगळे मोजमापाचे काम आहे.

काळ्या शर्टावर याच शाया बुडून जातात. म्हणून आधी पांढरा थर द्यायचा, तो गरम करून वरवर सुकवायचा आणि मग त्यावर दाट रंग. खरी गोम या पांढऱ्यात आहे. ज्योतीखाली तो भरगच्च हवा, घाटाच्या पायऱ्यांखाली विरळ ठिपके, आणि गंगेच्या अंधाराखाली काहीच नको, तिथे कापडच काळा रंग. रंगांपेक्षा तो किंचित आखूडही कापतात, नाहीतर जाळी केसभर सरकली की कडेने पांढरी रेघ डोकावते. पांढरा जास्त झाला तर चित्र छातीवर पुठ्ठ्यासारखे बसते आणि बनारसच्या जूनमध्ये अंगाला चिकटते. कमी झाला तर दिवे विटकरी दिसतात. संगणक हा थर आपोआप काढून देतो, पण तो मला बहुधा भाबडा वाटतो: जिथे उजळ, तिथे पांढरे. शिळेवरच्या कारागिराची नजर इथे पुन्हा लागते.

दहा-वीस शर्टांसाठी आता फिल्मवर छापून इस्त्रीसारखे दाबणारे यंत्र स्वस्त पडते, आणि पांढरा थर तेच घालते. शेकड्यांच्या कामाला मात्र जाळीच परवडते. हजाऱ्याच्या ज्योतींभोवती धुराचे फिकट वलय असते. ते पांढऱ्यात धरायचे की काळ्या कापडावर सोडून द्यायचे, हे जाळीला उजेड देण्याआधी कुणीतरी बसून ठरवतो.