सावकाराचा कागद

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. त्या वेळीं नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते व माळव्यापर्यंत आले होते. भाऊसाहेबांकडून पत्र नाहीं, जासूद नाहीं. अशा स्थितींत त्यांच्या हातीं जो कागद पडला तो एका सावकाराचा होता, आणि तो पेशव्यांस लिहिलेलाहि नव्हता. एका पेढीनें दुसऱ्या पेढीस धाडलेलें तें पत्र. त्यांत लढाईचा शब्द नाहीं, पराभवाचा नाहीं. दोन मोत्यें गळालीं, कांहीं मोहोरा हरवल्या, रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणती नाहीं, इतकाच काय तो मजकूर. उलगडा व्हावयास वेळ लागला नाहीं. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहोरा म्हणजे नांवाजलेले सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांचीं नांवें कोणी टिपून ठेवलीं नाहींत ते हजारों शिपाई.

ही गोष्ट आपण सर्वांनीं शाळेंत वाचली आहे, आणि वाचतांना आपलें लक्ष मोत्यांकडे गेलें आहे. तें योग्यच आहे. आज मात्र मला त्या कागदाविषयीं बोलावयाचें आहे. राज्याची डांक तुटली असतां सावकाराची डांक चालूं कशी राहिली? आणि एवढ्या अनर्थाची बातमी त्यानें जमाखर्चाच्या शब्दांत कां घातली?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर हुंडींत सांपडतें. पुण्याच्या पेढीला काशीस एक हजार रुपये पोंचवावयाचे असले तर थैल्या उंटावर लादून कोणी पाठवीत नसे. काशीच्या अडत्याच्या नांवें एक चिठ्ठी लिहिली कीं काम झालें. उत्तरेंतील वसूल पुण्यास येई तोहि पुष्कळसा असाच. सतराव्या शतकांत आपल्याकडे येऊन गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें लिहून ठेवलें आहे कीं, ज्या खेड्यांत सराफ नाहीं तें खेडें अगदींच लहान समजावें. या व्यवहाराबद्दल जी मजुरी पडे ती हुंडणावळ. हा शब्द मोठा चिवट निघाला. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असावा कीं सहा पेन्स, हा वाद १९२७ सालीं माजला, तेव्हां मराठी लिहिणारांनीं त्यास हुंडणावळीचाच वाद म्हटलें.

परंतु हुंडी म्हणजे केवळ पैशाचा कागद अशी समजूत करून घेणें चुकीचें होईल. ती मुळांत एक पत्र आहे. पैसे भरणारा एक, लिहिणारा दुसरा, ज्याच्यावर लिहिली तो तिसरा, आणि ती घेऊन दारीं येणारा चौथा. हे चौघे चार गांवांचे असूं शकत, आणि एकमेकांचें तोंडहि त्यांनीं पाहिलेलें नसे. त्यांच्यामध्यें दुवा काय तो अक्षरांचा. म्हणून हुंडी एका हातीं जाई आणि तिची आगाऊ सूचना देणारें पत्र निराळ्या वाटेनें अडत्याकडे जाई. तें वेळेवर न आल्यास मुनीम क्षणभर थांबे. तो थांबल्याचें बाजाराला कळे. आणि संध्याकाळपर्यंत अमक्या पेढीचें कांहीं खरें नाहीं अशी कुजबूज सुरूं होई. फौजा अडल्या तरी कासीद धांवत ठेवावा लागे तो यासाठीं.

लिहिण्याची शिस्तहि पाहण्यासारखी होती. आंकड्यावर एक शून्य वाढविणें सोपें. म्हणून रक्कम अक्षरीं लिहीत, आणि वर ‘निमे पांचशें, त्याचे दुप्पट पुरे द्यावे’ असें कुलूप घालीत. हुंडी दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांतील पतदार गृहस्थाच्याच हातीं पडत. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहीत, ती पेठ. तीहि हरवली तर परपेठ. आणि त्या प्रत्येकींत पूर्वींच्या कागदाचा उल्लेख असे, म्हणजे एकाच रकमेचे पैसे दोनदां जाऊं नयेत. माल गलबतानें जात असला तर जोखमी हुंडी लिहीत. माल सुखरूप पोंचला तरच पैसे. सगळ्यांत मला आवडते ती जिकरी चिठ्ठी. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्यानें कदाचित् नकार दिला, तर लिहिणाराची अब्रू राखण्यासाठीं अमुक तिसऱ्या गृहस्थाकडे जावें, असें त्या चिठ्ठींत आगाऊ सांगितलेलें असे. संकट येण्यापूर्वींच त्याचें उत्तर टपालांत पडलेलें!

या शिस्तीला एक खोड होती. उत्तरेकडील महाजनी लिपींत काना-मात्रा देत नसत. काकाजी अजमेरला गेले असें लिहिलेलें घरच्यांनीं काकाजी आज मरून गेले असें वाचलें आणि रडारड सुरूं केली, ही गंमत हिंदी मुलखांत अजून सांगतात. आपली मोडीहि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतींत फारशी काटेकोर नव्हे.

आतां दुसरा प्रश्न. हें पत्र भागीदाराला स्वच्छ कळावें आणि वाटेंत फोडणाराला कळूं नये, अशी योजना होती. बातमी उघड फुटली असती तर उत्तरेवरच्या हुंड्या हातीं असलेला प्रत्येक माणूस पेढीच्या दारांत उभा राहिला असता, असा माझा तर्क आहे. कोणी म्हणेल, केवढें हें थंड काळीज! मला तसें वाटत नाहीं. लिहिणारास घाई होती, आणि त्याच्या जिभेवर शब्द होते ते मोहोरांचे आणि खुर्द्याचे.

मात्र या पत्रांच्या जाळ्यांत एका माणसाला कधींच जागा मिळाली नाहीं. तो म्हणजे कर्ज काढणारा कुणबी. त्याचा सावकार मोठ्या पेढीचा धनी नव्हे, गांवचा लहान देवघेव करणारा. पण वही त्याचीच, अक्षर त्याचेंच, आणि कुणब्याचा फक्त आंगठा. व्याज किती चढलें, फेड किती झाली, हें त्याला कळे तें बहुधा कोर्टाचें समन्स आल्यावर. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक उठले, आणि मग पुणें व नगर या दोन्ही जिल्ह्यांत दंगे पसरले. लोक मागत होते ते रोखे, खतें आणि वह्या. जेथें सावकारानें ते मुकाट्यानें काढून दिले तेथें सहसा मारझोड झाली नाहीं. कागद मात्र जळाले.

पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस लागू केला. पैसे घेतले तर लेखी पावती द्यावी, मागेल त्याला वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, आणि कुळाला खातेंपुस्तक हवें असेल तर तें करून द्यावें, असें त्यांत सांगावें लागलें.