डब्लिनच्या गल्ल्या

आयर्लंडमधील डब्लिन शहरात १८८० नंतर लिथुआनियाकडून आलेले यहुदी बांधव क्लॅनब्रासिल स्ट्रीटच्या आसपास राहिले. लहान गल्ल्या एकमेकींना मिळत. शब्बाथला सिनेगॉगला पायी जाणे सोपे. आम्हा मुंबईकरांना मांडवीची सॅम्युअल स्ट्रीट आठवते. पुढे शहर पसरले, लोक दक्षिणेला टेरेन्युअरकडे सरकले. तेथे १९५३ साली नवे सिनेगॉग झाले. त्यानंतरच्या उपनगरांत बंद टोकांचे रस्ते आले. मागचे घर दिसते, पण जायला मोठ्या रस्त्याने वळसा पडतो. वॉलवर्थ रोडच्या जुन्या सिनेगॉगात आता संग्रहालय आहे. डब्लिनमध्ये वाढलेले आपले राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग यांनी १९८५ साली त्याचे उद्घाटन केले. आमची मुलेही आज दूरच्या वस्त्यांत राहतात. रस्ते रुंद आहेत, पण शब्बाथला आमच्याकडे पायी येण्याजोगी वाट नाही.