मुठेलाचे दुसरे नाव

क्रीमच्या डबीवर बारीक अक्षरांत ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ असे छापलेले असते. हे आपल्याच घरातले मुठेल, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. वाळलेल्या बिया फोडून आतला मगज कुटायचा, पाण्यात उकळायचा; वर आलेले तेल निवून थिजले की त्याचे हाताने गोळे वळायचे. नावातच मूठ आहे. भेगाळलेल्या टाचांवर आणि फुटलेल्या ओठांवर कोकणाने ते पिढ्यान्‌पिढ्या लावले.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे फळ भिरंडाच्या पोर्तुगीज रूपाने येते. ‘गार्सिनिया’ हे नाव मात्र त्याचे नव्हे. लिनियसने ते १७५३ साली लोराँ गार्सँ या निसर्ग-अभ्यासकावरून ठेवले.

या तेलात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्ले मुख्य. म्हणून ते एरवी घट्ट राहते, साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सियसला वितळते आणि त्वचेतला ओलावा उडू देत नाही. गोळे वळणाऱ्या बाईला मेदाम्लाचे नाव ठाऊक नव्हते. गुण ठाऊक होता.

शास्त्रीय नाव हवेच. त्यामुळे जगात कुठेही घटक नेमका ओळखता येतो. पण त्यात बी फोडणारा हात दिसत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. ‘मुठेल’ हा शब्द मात्र बोलणाऱ्यांनीच राखायचा आहे.